देवळालीच्या या शाळामास्तरांना लोक हसायचे, पण त्यांचा नियम ४ कोटी अंकी मूळ संख्येपर्यंत जाऊन पोचला

नांदेडहून लातूरला निघालात की लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाताना समोरून येणाऱ्या गाड्यांवर दोन नंबर सारखे दिसत राहतात. एमएच २६ म्हणजे नांदेड आणि एमएच २४ म्हणजे लातूर. आपण नंबर बघतो, गाडी कुठली ते कळतं आणि विषय संपतो.

पण आपल्या महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, ज्याच्यासाठी विषय इथून सुरू झाला असता.

लातूरचा २४ घ्या. त्यातल्या अंकांची बेरीज करा. २ अधिक ४ बरोबर ६. आता २४ ला ६ ने भागा. पूर्ण भाग जातो. आता नांदेडचा २६ घ्या. २ अधिक ६ बरोबर ८. २६ ला ८ ने भाग जात नाही.

नांदेडकरांनी लगेच नाराज होऊ नका. २६ च्या एका बाजूला २५ आहे, म्हणजे ५ चा वर्ग. दुसऱ्या बाजूला २७ आहे, म्हणजे ३ चा घन. एक वर्ग आणि एक घन यांच्या बरोबर मध्ये अडकलेली ही एकमेव संख्या आहे. फ्रान्सचा गणिती फर्मा सतराव्या शतकातच हे सांगून गेलाय.

लातूरच्या २४ सारख्या संख्यांना मात्र नाव दिलं ते आपल्या मराठी शाळामास्तरांनी. हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. आज जगभरातल्या गणिताच्या पुस्तकांत हा शब्द जशास तसा वापरला जातो.

त्या मास्तरांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. पोरगा ८ वर्षांचा असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. घरात सतत आकडे चाललेले, त्यात पोराला अंकांची गोडी लागली. ज्योतिष वडिलांकडे राहिलं, आकडे पोराने उचलले.

शाळा ठाण्यात झाली. अभ्यासाची गणितं सोडवून झाली की हा पोरगा कोडी सोडवत बसायचा. उत्तर तर पाहिजेच, पण ते सगळ्यात कमी पायऱ्यांत कसं येईल यासाठी तासन् तास घालवायचा.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिला नंबर काढणारे पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं बक्षीस कॉलेजच्या वयात मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९२९ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. पुढे एमएस्सी नाही, पीएचडी नाही, परदेशवारी तर नाहीच. १९३० साली कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तिथेच रिटायर झाले. पूर्ण ३२ वर्षं एकाच गावात.

आता या गावाचा एक किस्सा आहे. देवळाली म्हणजे लष्कराची छावणी. इंग्रजांच्या काळात मायदेशी जायला निघालेले गोरे सैनिक बोटीची वाट बघत इथे महिनोन् महिने पडून राहायचे. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत एखाद्याला वेड लागलं की त्याला डूलॅली म्हणायची पद्धत पडली. ते देवळालीचंच बिघडलेलं नाव.

थोडक्यात काय, इंग्रजीत वेडाला ज्या गावाचं नाव मिळालं, त्याच गावात कापरेकर सर अंकांचं वेड घेऊन बसले होते.

सरांचा सगळ्यात फेमस शोध म्हणजे ६१७४. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा आणि स्वतःच करून बघा.

चार अंकी कुठलीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढी एकच अट. मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला ते साल घेऊ, १९४८. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले की होतात ९८४१. लहानाकडून मोठ्याकडे लावले की १४८९. वजाबाकी केली की ८३५२.

आता ८३५२ वर तेच करा. ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४.

पुन्हा करा. ७६४१ वजा १४६७. उत्तर परत ६१७४. आता कितीही वेळा करा, इथून सुटका नाही.

लातूर जिल्हा झाला ते साल १९८२. ९८२१ वजा १२८९ बरोबर ८५३२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. मित्राचा पिन नंबर घ्या, गाडीचा नंबर घ्या, जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत गाडी ६१७४ वर येऊन थांबते.

हे होतं कसं?

यात जादू नाही. अशी वजाबाकी केली की उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांच्यातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. या दोन फरकांच्या सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे सुरुवातीला जवळपास १० हजार संख्या होत्या, त्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात. त्या ५४ च्या ५४ वाटा शेवटी ६१७४ कडे जातात. यातलं काहीच दिसायला अवघड नाही, पण त्याआधी ते कुणी पाहिलं नव्हतं.

कापरेकर सरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५५ साली ते परदेशातल्या एका गणिताच्या मासिकात छापून आलं. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

मग सरांचा देशभर सत्कार झाला असेल, असं वाटेल. तसं काही झालं नाही.

त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. अंकांची अदलाबदल करायची, बेरजा-वजाबाक्या करायच्या, यात कसलं आलंय संशोधन, असा सूर असायचा. शाळेत शिकवणारा बीएस्सी माणूस, त्याच्याकडे विद्यापीठाची खुर्ची नाही, गाईड नाही. मोठ्या मासिकांत जागा मिळायची नाही. मग सर लहानसहान मासिकांत लिहायचे, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापायचे. शाळामास्तरच्या पगारात.

तक्रारीचा एक मुद्दा तसा खरा होता. सरांच्या बऱ्याच शोधांत अंक कसे लिहिले आहेत याला महत्त्व होतं. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून २४ चे अंक २ आणि ४ आहेत. उद्या आठच्या पटीत मोजायला लागलो तर तीच संख्या ३० अशी लिहावी लागेल. त्यामुळे हे गुण संख्येचे आहेत की लिहिण्याच्या पद्धतीचे, असा प्रश्न गणितज्ञ विचारायचे.

हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर पुढे येतंय.

सर मात्र थांबले नाहीत. अंकांत आपल्याला नशा चढते आणि ती उतरू नये असं वाटतं, असं ते स्वतःबद्दल सांगायचे. एकामागून एक संख्या ते शोधत गेले आणि त्यांना नावं देत गेले.

१९६३ साली त्यांनी पुस्तिका काढली ती स्वयंभू संख्यांवर. कल्पना एकदम सोपी आहे. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिचेच अंक मिळवायचे. २१ घेतली तर २१ अधिक २ अधिक १ बरोबर २४. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून झाला. २२ अधिक २ अधिक २ बरोबर २६. म्हणजे २६ चा जन्म २२ पासून. लातूरला पण जनक सापडला, नांदेडला पण सापडला.

पण काही संख्यांना जनकच नसतो. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या तयार होत नाहीत. त्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४ अशी ही यादी पुढे जात राहते.

आता गाड्यांचे नंबर आठवा. एमएच २० म्हणजे छत्रपती संभाजीनगर, स्वयंभू. एमएच ३१ म्हणजे नागपूर, स्वयंभू. एमएच ४२ म्हणजे बारामती, ती पण स्वयंभू. यावरून कमेंटमध्ये कुणी राजकारण काढू नका, हा फक्त गणिताचा निकाल आहे.

नागपूरच्या ३१ ची गंमत आणखी पुढे आहे. ती मूळ संख्यासुद्धा आहे. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. बीडचा २३ पण मूळ संख्या आहे. बाकीच्या सगळ्या संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनतात, म्हणून गणितात त्यांचा मान मोठा. ३१ ही मूळही आहे आणि स्वयंभूही.

या स्वयंभू संख्यांना सरांच्या गावावरून देवळाली संख्या असंही म्हणतात. १९७४ साली कोलंबियातल्या एका गणितज्ञाने त्याच कल्पनेवर प्रश्न मांडला, तेव्हापासून काही जण त्यांना कोलंबियन संख्या म्हणायला लागले. पण देवळाली त्याच्या ११ वर्षं आधी तिथे पोचली होती.

मूळ संख्यांशी सरांचा संबंध आणखी एका वाटेने येतो. ती वाट डोंबिवलीवरून जाते.

जुन्या जीआयपी रेल्वेवर डोंबिवलीला डेमलो म्हणायचे. त्या स्टेशनवर सरांना एक कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना नावच दिलं डेमलो संख्या. त्यातल्या सगळ्यात सुंदर संख्या नुसत्या १ मधून तयार होतात. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येतं १२३४५६७८९८७६५४३२१. चढत जायचं आणि तसंच उतरत यायचं.

आता या नुसत्या १ च्या संख्यांमध्ये मूळ संख्या कोणत्या? ११ आहे, हे लगेच दिसतं. १११ नाही, कारण ३ गुणिले ३७. ११११ नाही, कारण ११ गुणिले १०१. पाच वेळा १ लिहिला तर ४१ गुणिले २७१. सात वेळा लिहिला तर २३९ गुणिले ४६४९. हात लावाल तिथे फुटते.

११ नंतरची पुढची मूळ संख्या थेट १९ वेळा १ लिहिल्यावर सापडते. त्यानंतर २३ वेळा. त्यानंतर ३१७ वेळा. आणि त्यानंतर १०३१ वेळा १ लिहिला की मग. ही १०३१ अंकी संख्या मूळ आहे याची सिद्धता विल्यम्स आणि डब्नर या दोघांनी कॉम्प्युटरच्या मदतीने दिली, आणि ती १९८६ साली छापून आली. डेमलो स्टेशनवर सुरू झालेला खेळ बघता बघता जगातल्या कॉम्प्युटरना घाम फोडणाऱ्या प्रश्नाच्या शेजारी जाऊन बसला होता.

आणि सर?

१९६२ साली शाळेतून रिटायर झाले. पेन्शन पुरेना, म्हणून गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. मूलबाळ नव्हतं. १९६६ साली पत्नी गेली. घरात एकटा माणूस आणि अंक. शाळा-कॉलेजांनी बोलावलं की सर जाऊन भाषण द्यायचे, फळ्यावर ६१७४ मांडायचे आणि पोरं खूश व्हायची.

मग मार्च १९७५ उजाडला. मार्टिन गार्डनर नावाचा अमेरिकन लेखक सायंटिफिक अमेरिकन मासिकात गणिताच्या गमतींचं सदर लिहायचा. जगभरातले गणितवेडे ते सदर वाचायचे. त्या महिन्यात गार्डनरने कापरेकरांवर लिहिलं. देवळालीचा मास्तर एका महिन्यात जगाला माहीत झाला. तेव्हा सरांचं वय होतं ७०. आयुष्यभराचं काम झालं होतं, तेही कुणी बघत नसताना.

१९८६ साली देवळालीतच सर गेले.

पण खरा क्लायमॅक्स त्यांच्या मागे आला. त्यासाठी सरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या बघू. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० अधिक २५ बरोबर ५५. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज परत १४२८५७. आणि हा १४२८५७ कुठून येतो? १ ला ७ या मूळ संख्येने भागलं की दशांश चिन्हानंतर हेच सहा अंक फिरत राहतात.

आता तो मघाचा प्रश्न काढा. हे गुण फक्त दहाच्या पटीत लिहिण्यामुळे दिसतात का?

२००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने कापरेकर संख्यांवर संशोधन छापलं. कापरेकर संख्या कुठून तयार होतात, हे त्याने ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या अवयवांवरून दाखवून दिलं. आणि त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. कॉम्प्युटर वापरतो त्या ० आणि १ च्या पद्धतीत, म्हणजे बायनरीत, सगळ्या सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या असतात.

परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. ६ बरोबर १ अधिक २ अधिक ३. २८ बरोबर १ अधिक २ अधिक ४ अधिक ७ अधिक १४.

२८ चा वर्ग ७८४. बायनरीत ७८४ लिहायचा तर ११०००१००००. शेवटचे सहा अंक वेगळे काढा. डावीकडे राहिलं ११००, म्हणजे १२. उजवीकडे आलं ०१००००, म्हणजे १६. १२ अधिक १६ बरोबर २८. तोच नियम, पण दहाच्या पद्धतीबाहेर.

आणि या परिपूर्ण संख्या जन्माला येतात त्या मूळ संख्यांपासून. २ ला २ ने गुणत जायचं आणि शेवटी १ वजा करायचा. ३, ७, ३१ अशी एखादी मूळ संख्या हाती आली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या मिळते. ३ गुणिले २ बरोबर ६. ७ गुणिले ४ बरोबर २८. ३१ गुणिले १६ बरोबर ४९६. युक्लिडने हे २ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. नागपूरचा ३१ इथे परत भेटला बघा.

जगातल्या मोठमोठ्या मूळ संख्या याच घराण्यात शोधल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरँटने अशीच एक शोधली. १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि १ वजा करायचा. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. सापडली तेव्हा ती जगाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. ४ कोटी १० लाख अंक. नुसती वाचायला बसलात, सेकंदाला एक अंक या हिशोबाने, तर सव्वा वर्षाहून जास्त लागेल, तेही न झोपता.

या मूळ संख्येपासून जी परिपूर्ण संख्या बनते, ती बायनरीत कापरेकर संख्या आहे. पुढे याहून मोठी सापडली, तर तिच्यापासून बनणारी पण असेल. हे सिद्ध झालंय, यात पुन्हा तपासायला काही उरलं नाही.

म्हणजे ज्या नियमाला लोक पोरखेळ म्हणून हसत होते, तो जगातल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येच्या घरापर्यंत पोचला. सरांना हे कधीच कळलं नाही, आणि आपला नियम तिथे पोचेल या हिशोबाने त्यांनी अंक जोडलेही नव्हते.

लातूर आणि नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत आज हजारो पोरं गणित घोकतायत. त्यांचं चुकतंय असं कुणी म्हणणार नाही, परीक्षा काढायची तर घोकावं लागतं. पण त्यातलं एखादं पोर वहीच्या शेवटच्या पानावर आकडे जोडत बसलेलं दिसलं, आणि हे परीक्षेला येतं का असं विचारावंसं वाटलं, तर कापरेकर सर आठवा. परीक्षेला यातलं काहीच आलं नव्हतं.

जाता जाता एक शेवटचा हिशोब. सरांचं जन्मसाल घ्या, १९०५. त्यावर त्यांचाच नियम लावा. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पूर्ण ७ पायऱ्या, जास्तीत जास्त जेवढ्या लागू शकतात तेवढ्या. आता १९८६ घ्या, सर गेले ते साल. पहिल्याच वजाबाकीत येतं ८१७२, आणि तिथून वाट तीच, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

पटत नसेल तर कॅल्क्युलेटर काढा. दोन मिनिटांचं काम आहे.